धावणाऱ्याचा बटवा

पहाटे पाच वाजता दाराशी बसून मी बुटांच्या नाड्या आवळत होतो. आमच्या हिने स्वयंपाकघरातून डोकावून विचारले, "अहो, धावायला निघालात की काशीला?"

प्रश्न अगदीच बिनबुडाचा नव्हता. डोक्याला टोपी होती आणि टोपीला दिवा होता. छातीभोवती हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, डाव्या मनगटावर उपग्रहांशी बोलणारे घड्याळ, उजव्या मुठीत पाण्याची बाटली, कानांत गाण्याची दोन बोंडे, दंडावर फोनची पिशवी आणि कंबरेला चार कप्प्यांचा बटवा. एवढा सरंजाम घेऊन मी निघालो होतो कोठे, तर टेकडीच्या पायथ्यापर्यंत. जाऊन येऊन आठ किलोमीटर.

वर्षभर या सदरातून मी शब्दांचा कीस काढत असतो. दिवाळी अंकापुरते संपादक मला वर्गाबाहेर सोडतात, म्हणून यंदा हा पायांचा विषय. आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-खोलीत पूर्वी वेतनश्रेणीची चर्चा चाले, आता गुडघ्यांची चालते. कोणी दहा किलोमीटरचा, कोणी एकवीसचा, तर एकदोघे वेडे पुऱ्या बेचाळीसचा सराव करीत असतात. यांपैकी निम्मे लोक रस्त्यावर जाण्यापूर्वी दुकानात जातात. मीही गेलो होतो. डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा दाखवला त्याच संध्याकाळी, एक पाऊलही न धावता, मी धावणाऱ्याचे सगळे सामान घेऊन घरी आलो. त्यातले आज चार वर्षांनी काय वापरात आहे आणि काय माळ्यावर आहे, याचा हिशेब मांडला तर एखाद्या नव्या धावणाऱ्याचे पैसे वाचतील. पैशांपलीकडचेही काही वाचू शकते. पण त्याकडे मी पुढे येतो.

पहिला मुद्दा बुटांचा. बूट हवेतच कशाला, असे विचारणारा कोणीतरी प्रत्येक प्राध्यापक-खोलीत असतो. आमच्याकडे ते काम भौतिकशास्त्राचे एक सहकारी करतात. स्वतः ते लिफ्टने ये-जा करतात. "१९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि मॅरेथॉन जिंकला," असे ते मला दर पंधरा दिवसांनी ऐकवतात. गोष्ट खरी आहे. २ तास १५ मिनिटे १६ सेकंद, त्या वेळचा जागतिक उच्चांक. पण या गोष्टीचा मागचा आणि पुढचा भाग सांगायला लोक विसरतात. मिळालेले बूट पायाला नीट बसेनात, म्हणून बिकिलाने ते बाजूला ठेवले; अनवाणी पळण्याचा सराव त्याला होताच. आणि चार वर्षांनी, १९६४ साली, टोकियोला तो चांगले बूट घालून धावला. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला काही आठवडेच लोटले होते, तरी त्याने २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा पहिला क्रमांक घेतला. न बसणाऱ्या बुटापेक्षा उघडा पाय बरा, एवढाच यातून माझ्यासारख्याने धडा घ्यावा.

आपल्या मुलखातही अनवाणी धावणाऱ्यांची कथा आहे, आणि ती रोमच्या आधी चाळीस वर्षांची आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी शेतकरी मंडळी पाहून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा चकित झाले, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपले खेळाडू पाठवण्याची खटपट त्यांनी केली. त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षाही थोडी लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत संपवून एकोणिसावे आले. या माणसांचे नाव घेताना मी मनातल्या मनात टोपी काढतो. पण त्यांचे तळवे ढेकळांवर घडलेले होते. माझ्या तळव्यांनी जन्मभर मोझाइकची फरशी आणि पायपुसणे एवढेच पाहिले आहे. तेव्हा मला बूट हवेत.

पहिले बूट मी सकाळी घेतलेल्या मापाने घेतले, आणि अगदी बरोबर बसणारे घेतले. दुकानदार म्हणाला, "वापरून वापरून सैल होतील." बूट सैल झाले नाहीत; मीच झालो. साताऱ्याला डोंगरातली अर्धमॅरेथॉन असते. यवतेश्वरच्या घाटाने वर चढायचे आणि त्याच वाटेने खाली यायचे. चढताना फुफ्फुसांनी तक्रार केली ती मी ऐकून घेतली. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला अंगठ्याचे नख बुटाच्या पुढच्या भिंतीवर आदळत होते. घरी येईपर्यंत दोन्ही नखे जांभळी झाली, आठ दिवसांत काळी, आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या सुमारास त्यांनी माझा निरोप घेतला. तोपर्यंत घरातही मी मोजे घालून वावरत होतो. हिला कळले असते तर ती रागावली असती. अर्थात तिला कळलेच, आणि ती दुप्पट रागावली.

या दोन नखांच्या मोबदल्यात मिळालेले ज्ञान असे : बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराच्या वापराने पाय किंचित फुगतो आणि लांब धावतानाही तो फुगतच असतो. ज्या मोज्यांनी धावायचे तेच मोजे घालून दुकानात जावे. उभे राहून पाहावे, आणि सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा मोकळी राहील असे पाहावे. आणखी एक गंमत. धावण्याच्या बुटांना घोट्याजवळ, नेहमीच्या ओळीच्या जरा मागे, एक जादा भोक असते. त्यात नाडी ओवलेली मी क्वचितच पाहिली आहे. तीन वर्षे मला ते कारखान्यातली चूक वाटे. नाडी बाहेरून त्या भोकात घालून त्याच बाजूला लहानसा फास ठेवायचा, दोन्हींकडे तसेच करायचे आणि नाड्यांची टोके समोरासमोरच्या फासांतून ओढून गाठ मारायची. टाच बुटात पक्की बसते आणि उतारावर पाय पुढे घसरत नाही. माझी दोन नखे त्या एका भोकाच्या अज्ञानात गेली.

मोज्यांबद्दल मात्र मला माझ्या संस्कारांविरुद्ध बोलावे लागते. सुती वस्त्राविषयी माझ्या मनात आदर आहे. पण सुती मोजा घाम पितो आणि पिऊन तसाच ओला बसतो. ओले कापड आणि ओली कातडी एकमेकांवर घासली की फोड ठरलेला. कृत्रिम धाग्याचे किंवा पातळ लोकरीचे मोजे घाम बाहेर जाऊ देतात. दुकानात मोजा उलटा करून बोटांवरची शिवण चाचपून पाहावी. ती बोटाला लागत असेल तर दहाव्या किलोमीटरला ती सुरीसारखी लागेल. सगळ्या सामानात कमी पैशांत जास्त सुख देणारी वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी बुटांआधी मोज्यांचे नाव घेईन. आणि त्याच्या जोडीला व्हॅसलिनची डबी. काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, जेथे जेथे अंग अंगावर किंवा कापड अंगावर घासते तेथे निघण्यापूर्वी बोटभर चोळावे. न चोळता लांब धावून आलेला पुरुष अंघोळीच्या वेळी पहिला तांब्या अंगावर घेताना जो आवाज काढतो, तो शेजाऱ्यांना विसरता येत नाही.

स्त्रियांच्या सामानाविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण माझी धावणारी भाची बोलू शकते. ती म्हणते, "मामा, तुम्ही लोक घड्याळांवर तास तास बोलता आणि आमच्या अर्ध्या मुली धावणे सोडतात ते चांगली आधाराची चोळी मिळाली नाही म्हणून." धावण्यासाठीची अशी चोळी १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँट राज्यात तीन बायकांनी मिळून तयार केली. पहिला नमुना त्यांनी पुरुष खेळाडूंच्या दोन लंगोटांना कात्री लावून, ते एकमेकांना जोडून शिवला होता! दुकानात हातवारे करून, उड्या मारून पाहावी, आणि लाजेपायी घाईत उचलू नये, असा भाचीचा सल्ला आहे. तो मी तिच्याच शब्दांत पोचवतो.

आता पाणी. पाण्याच्या बाबतीत आपल्या लोकांत दोन पंथ आहेत. एक पंथ घोटभरही न पिता धावण्यात पुरुषार्थ मानतो. दुसरा दर कोपऱ्यावर बाटली तोंडाला लावतो. दुसरा पंथ शहाणा वाटतो, पण त्याच्याही वाटेवर खड्डा आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत पुरी केलेल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम नको इतके उतरलेले आढळले. वाटेत इतके पाणी प्याले की वजन घटण्याऐवजी वाढले, अशांना हा धोका अधिक होता. घामातून मीठ जाते आणि वरून नुसते पाणी ओतले की उरलेले मीठही पातळ होते. आपल्याला किती पाणी लागते हे शोधायला वजनकाट्यापलीकडे काही लागत नाही. धावण्यापूर्वी कमी कपड्यांत वजन करावे, तासभर धावून, अंग पुसून पुन्हा करावे. मध्ये काही प्यायला नसाल तर जेवढे किलो उतरले तेवढे लिटर घाम गेला. माझे जूनमध्ये पाऊण किलो उतरते, डिसेंबरात त्याच्या निम्मे. हे कळल्यावर थंडीत तासाभराच्या धावण्याला मी बाटली नेणे सोडून दिले. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो ओझे, आणि एकाच मुठीत ते धरले की त्या बाजूचा खांदा दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहू देत नाही. लांबच्या पल्ल्याला बाटली कंबरेच्या पट्ट्यात असावी.

बटव्यात खायला काय ठेवावे यावर मी बरेच प्रयोग केले. चिक्की प्रथम बाद झाली. धापा टाकणाऱ्या माणसाच्या घशात शेंगदाण्याचा तुकडा कोठे जाईल सांगता येत नाही. राजगिऱ्याची वडी तोंडातली होती नव्हती ती ओल शोषून घेते. बिया काढलेला खजूर आणि गुळाचा खडा हे दोन टिकले. तास-सव्वा तासाच्या आत संपणाऱ्या धावण्याला निरोगी माणसाला त्यांचीही गरज नसते; पण मी ठेवत असे, कारण कप्पा होता. रिकामा कप्पा माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

घड्याळाबद्दल थोडक्यात सांगतो. ते वाईट नाही, परंतु चुगलखोर आहे. झाडांखाली आणि उंच इमारतींमध्ये त्याचा उपग्रहांशी संवाद तुटतो, आणि मग ते मला मी न धावलेल्या गल्ल्यांतून फिरवून आणते. छातीचा पट्टा माळ्यावर आहे. अंधारात धावणाऱ्याने चकाकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट मात्र जरूर घालावे, आणि आपल्याकडे वाहने डावीकडून जातात म्हणून स्वतः रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारा दिवा दिसेल असे धावावे. कानांतल्या बोंडांविषयी माझे मत गेल्या जुलैपर्यंत बरे होते.

माझ्या वाटेवर एक निळी टोपी असे. टोपीखाली पन्नाशीचा माणूस होता, पण दोन वर्षे मी त्याला टोपी म्हणूनच ओळखत होतो. आम्ही रोज एकमेकांना ओलांडत असू. तो हात वर करी, मी मान हलवी. इतका जुना परिचय, आणि नाव विचारण्याचा प्रसंग आला नव्हता. शहरात असे होते.

जुलैतल्या त्या पहाटे पाऊस नुकताच थांबला होता. मी दोन्ही कानांत नाट्यगीत घालून चाललो होतो. एक रिक्षावाला रस्त्याच्या मधल्या कठड्याशी उभा राहून मला हाका मारत होता. त्याच्या तीन हाका मला ऐकू आल्या नाहीत, हे त्यानेच नंतर सांगितले. चौथ्या हाकेला मी वळलो. निळी टोपी रस्त्यावर पडली होती आणि तिचा मालक कठड्याला टेकून बसला होता. घामाने निथळत होता, हात थरथरत होते, बोलणे जड आणि असंबद्ध. दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "रात्रीची उतरली नाही वाटते." मला राग आला, कारण मलाही क्षणभर तसेच वाटले होते.

"तुमचं नाव काय?" मी विचारले. त्याने काहीतरी सांगितले, ते नाव नव्हते. खिशात फोन होता, त्याला कुलूप होते. बाकी घराची एक किल्ली. रिक्षावाला मला म्हणाला, "साहेब, तुम्ही ओळखता ना यांना?" आणि मी हो म्हणालो. मग तो पुढचा प्रश्न विचारील म्हणून मी घाईघाईने माझी बाटली त्या माणसाच्या तोंडाला लावली. तो चार घोट पाणी प्याला. नीट गिळत होता. आम्ही दोघांनी त्याला रिक्षात घातले.

रुग्णालयात बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ती फार खाली गेलेली होती. सलाईनमधून साखर दिली तसा काही मिनिटांत माणूस माणसात आला. तरुण डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मधुमेही आहेत. इन्सुलिन घेऊन न खाता धावले असणार. शुद्धीत होते, गिळत होते, तर तेव्हाच तीन चमचे साखर किंवा गूळ द्यायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, पण हे तर पाणी प्याले म्हणता."

माझ्या कंबरेच्या बटव्यात गुळाचे दोन खडे आणि चार खजूर होते. रिक्षातली पंधरा मिनिटे ते माझ्या आणि त्याच्या मध्ये दाबले जात होते. मी डॉक्टरीणबाईंना ते सांगितले नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर एकच शब्द उमटला होता : 'घर'. मी तो घेतला. पलीकडून बाईचा आवाज आला, "अहो, साडेसहा झाले, कुठं आहात?" माझी मराठीची वीस वर्षांची नोकरी, पण त्या प्रश्नाला पहिले वाक्य कोणते असावे ते मला सुचेना.

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी घरी गेले. आता आम्हांला एकमेकांची नावे, मुलांची शिक्षणे आणि औषधांच्या वेळा ठाऊक आहेत. त्यांच्या मनगटावर धातूची लहानशी पट्टी असते. तिच्यावर नाव, घरचा नंबर आणि 'मधुमेह, इन्सुलिन' अशी अक्षरे कोरलेली आहेत. एखादा खोदकाम करणारा कारागीर ती सहज करून देतो. फोनमध्येही कुलूप न उघडता दिसेल अशी तातडीच्या माहितीची सोय असते. ती मी माझ्या कन्येकडून भरून घेतली. तरी फोन भिजतो, फुटतो, त्याची विजेरी संपते, म्हणून एक जाड कागदाचा तुकडा प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून बटव्याच्या पहिल्या कप्प्यात ठेवला आहे. वजन नसल्यासारखे. त्यावर नाव, रक्तगट, रक्तदाबाची गोळी आणि दोन नंबर. गूळ त्याच्या शेजारच्या कप्प्यात असतो, आणि आता तो कोणासाठी आहे हे मला माहीत असते. कानांतली बोंडे कन्येला देऊन टाकली.

माझ्या आजीचाही बटवा होता. त्यात सुंठ, वेखंड, हिंग आणि तळाशी खडीसाखर असे. तिच्या बटव्यातली एकही वस्तू निरुद्योगी नव्हती. प्रत्येकीमागे घरातल्या कोणाचा तरी एक दुखणेकरी दिवस होता. माझ्या बटव्याचे दोन कप्पे सध्या रिकामे आहेत, आणि मी ते तसेच राहू देण्याची सवय करतो आहे.

येत्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा पुरी मॅरेथॉन धावणार आहे. गेल्या हिवाळ्यातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचा छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद परवा आवरासावरीत सापडला. या कागदाच्या मागच्या बाजूला नाव, रक्तगट, औषधे आणि संपर्क अशा ओळी छापलेल्या असतात. माझ्या त्या साऱ्या कोऱ्या होत्या. आजवरच्या एकाही शर्यतीत मी त्या भरलेल्या नाहीत. हिने तो कागद उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता माझे लाल पेन मागून घेतले. कागद जुना आहे, नवा यायचा आहे, असे मी सांगितले. "मग हा कच्चा समजा," ती म्हणाली आणि टेबलाशी बसून सगळ्या ओळी भरल्या. स्वतःचा नंबर लिहिला, कन्येचा लिहिला, आणि खाली जागा उरली होती तेथे बारीक अक्षरांत आणखी काहीतरी.

मी चष्मा लावून वाचले. 'लगेच कळवा. मी रागावणार नाही.'

"हेही नव्या कागदावर उतरवायचे का?" मी विचारले.

"शब्दसुद्धा बदलू नका," ती म्हणाली, आणि बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना एकेक करून काढून तिने माझ्या हातावर ठेवल्या. मोजून चार.